ऐंशी किलोच्या वर

लातूर
९ नोव्हेंबर

श्री. विरूपाक्ष यांस,

फोन करत नाही, कारण फोनवर आपण दोघंही ओरडतो आणि शेजारचे लोक टीव्हीचा आवाज कमी करतात. पत्रात ओरडता येत नाही.

कामाचं आधी. जानेवारीत नांदेडला खुली विभागीय बॉक्सिंग स्पर्धा आहे. सृष्टी उतरते आहे. ऐंशी किलोच्या वरच्या गटात. हे तुमची परवानगी मागायला लिहीत नाही. ती वीस वर्षांची आहे, तिची परवानगी तिच्याजवळ आहे.

प्रश्न कोपऱ्याचा आहे. दोन फेऱ्यांच्या मध्ये स्टूल ठेवायला, पाणी द्यायला आणि दोन शब्द सांगायला रिंगच्या कोपऱ्यात जो माणूस लागतो, त्याच्याकडे कोचचं कार्ड असावं लागतं. तिला इथे शिकवणाऱ्या माणिकप्पा वस्तादांकडे ते नाही. ते कुस्तीवाले. सगळं आयुष्य तालमीच्या मातीत गेलं. बॉक्सिंग त्यांनी सृष्टीबरोबरच शिकायला घेतलं. कार्डवाला माणूस नसला तर आयोजक कुणाला तरी उभं करतात, आणि त्याला पोरीचं नावही कागद बघून घ्यावं लागतं. तुमच्याकडे कार्ड आहे. तुम्ही विष्णुपुरीत राहता. हॉल तिथून रिक्षाने जाण्याइतका जवळ आहे. मी वस्तुस्थिती सांगते आहे, गळ घालत नाही.

गळ सृष्टी घालते आहे. "आई, अप्पांना विचार की." मी म्हटलं, तूच विचार. तर म्हणाली, "मी विचारलं तर ते आधी वजन विचारतील."

खोटं आहे का?

आम्ही लातूरला आलो त्याला आता तीन वर्षं होतील. उगाळणार नाही, पण एकदा लिहून ठेवते, कारण तुमच्या आठवणीत ते वेगळं झालं असेल. त्या सकाळी पंचाहत्तरच्या गटासाठी तिचं वजन व्हायचं होतं. आधीचे दोन दिवस तुम्ही तिला घोटभर पाण्यावर ठेवलं, प्लास्टिकचा रेनकोट घालून धरणाच्या रस्त्याने पळवलं, अंगातलं पाणी जावं म्हणून थुंकायला लावलं. पहाटे ती सासूबाईंशेजारी पूजेला बसली. इष्टलिंगाची पूजा झाली, सासूबाईंनी तिच्या तळहातावर पळीभर तीर्थ दिलं. आणि तुम्ही दारातून म्हणालात, "आत्ता न्हाई. वजन झाल्यावर घे."

पोरीने तळहात तसाच धरून ठेवला. तीर्थ जमिनीवर टाकता येत नाही आणि प्यायचं नाही म्हणून बापाने सांगितलेलं. ती तशीच बसून राहिली आणि बसल्या जागी कलंडली. मी देवधर्मातली बाई नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला राग देवाच्या बाजूने आला नव्हता. पाण्याच्या बाजूने आला होता. म्हणून मी तिला घेऊन लातूरला वीरण्णाकडे आले. भाऊ म्हणून त्याने एका शब्दानेही विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाही.

एक सांगायचं नव्हतं, पण सांगते. परवा दुपारी शाळेतून आले आणि खुर्चीत डोळा लागला. स्वप्नात धरणाच्या पाण्याखाली रिंग होती. दोरांना शेवाळ धरलेलं. दोन मोठी माणसं एकमेकांभोवती फिरत होती, इतकी सावकाश की एकाने हात उचलला आणि तो दुसऱ्यापर्यंत पोचायच्या आत मधून मासे निघून गेले. कुणी ओरडत नव्हतं. वरून उजेड येत होता, हिरवट, दुधी भोपळ्याच्या मांडवाखाली येतो तसा. मी स्वप्नं सांगणारी बाई नाही. पण जाग आल्यावर चहा टाकायला उठावंसं वाटेना.

उत्तर पाठवा. हो की नाही, एवढंच.

महादेवी


लातूर
२४ नोव्हेंबर

श्री. विरूपाक्ष यांस,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. पोस्टकार्ड अजून मिळतात हे बघून बरं वाटलं. मजकूर बघून वाटलं नाही. तो इथे उतरवते, म्हणजे मी कशाला उत्तर देते आहे हे तुम्हाला नाकारता येणार नाही.

"बाई, जड गटात पोरी किती असतात? दोन, नाहीतर तीन. काट्यावर उभं राहिलं की मेडल. त्याला बॉक्सिंग म्हणत न्हाईत, हजेरी म्हणतात. हलक्या गटात ये, डोळ्याचं पातं लवेपर्यंत तीन ठोसे बसलेले असतात. जडांचं काय, दोन म्हशी रस्त्यात उभ्या राहतात तसं. पण तुला पहिल्यापासून जडच आवडतात. धोंडप्पाला नमस्कार सांग."

हो की नाही, ते लिहायचं राहिलं.

आधी धोंडप्पाचं मिटवू. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी मैत्रिणींबरोबर नांदेडच्या त्या स्पर्धेला आले होते. तुम्ही एक्कावन्न किलोत होता. सगळे म्हणत होते, काय पाय आहेत पोराचे! मला तुमचे पाय दिसलेच नाहीत, इतके ते जलद होते. पंचांनी तुमचा हात वर केला तेव्हा मी शेजारणीला विचारलं, "झालं का?" हे तुम्हाला लागलेलं आहे, मला माहीत आहे.

मग शेवटी जडांची लढत लागली. धोंडप्पा देगलूरचा, अंगाने कणगीसारखा. दुसऱ्या फेरीत त्याच्या हनुवटीवर एक बसला आणि तो पडायला लागला. पडला नाही, पडायला लागला. आधी त्याचे डोळे लांब गेले, शेतातून कुणी हाक मारावी तसे. मग एक गुडघा विचार करू लागला. मग खांद्यांना कळलं. तो खालपर्यंत पोचेस्तोवर मला उदगीरचं आमचं आडत दुकान, उन्हात वाळणारी तूर, माझ्या वडिलांची, आप्पांची, सुपारी कातरण्याची लकब, सगळं दिसून गेलं. हॉलमध्ये कुणी श्वास घेत नव्हतं. भर दुपारी शेकडो माणसांना एकदम एकच स्वप्न पडावं, तसं ते होतं.

मला धोंडप्पा आवडला नव्हता. त्याचं पडणं आवडलं होतं. हे मी तुम्हाला लग्नाआधी सांगितलं आणि तुम्ही तेव्हापासून उलटंच धरून बसलात. धोंडप्पा देगलूरला खताचं दुकान चालवतो आणि जिन्यात दोनदा थांबतो. नमस्कार तुम्हीच सांगा.

आता तुमचा मुद्दा. हलक्यांचं बॉक्सिंग जास्त चांगलं असतं, हे मी मान्य करते. त्यांच्यात अक्कल जास्त, पाय जास्त, दम जास्त. कुणाला बॉक्सिंग शिकायचं असेल तर त्याने हलकेच बघावेत. पण लोक शिकायला येत नाहीत. उदगीरच्या जत्रेत मी लहानपणी आप्पांच्या पोत्यांच्या थप्पीवर बसून कुस्त्या बघत असे. सकाळी रेवड्यांवर पोरांच्या कुस्त्या. मग नारळावरच्या. पोरं विजेसारखी सुटायची, आणि लोक काय करायचे? पान लावायचे, सोयरिकी ठरवायचे, बैलाचे दात बघायचे. दिवस कलला की दोन डोंगर मातीत उतरायचे. आणि तिथून काहीच व्हायचं नाही. ते नुसते एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभे. अर्धा अर्धा तास. तरी पान थांबायचं, सोयरीक थांबायची. मी आप्पांना विचारलं होतं, हे काही करत नाहीत तरी लोक का बघतात? आप्पांनी, आडत्याने भाव सांगावा तसं सांगितलं, "पडलं तर काय पडंल, ते बघून राहिलेत."

नववीच्या वर्गाला मी इतकी वर्षं शिकवते, की जड वस्तूला हलवणं अवघड आणि हललेल्या जड वस्तूला थांबवणं तितकंच अवघड. मुलं ते पाठ करतात. जत्रेतल्या लोकांना ते पोटात कळत होतं. हलक्यांच्या लढतीत एक ठोसा चुकला तर पुढे दहा आहेत. जडांच्या लढतीत शांतता असते आणि त्या शांततेत काहीतरी लटकत असतं. आपण वाट बघतो. तुम्हाला वाट बघायला कधी आवडलं नाही.

वजन लिहिते, म्हणजे तुम्हाला विचारावं लागणार नाही. सत्त्याऐंशी. वस्तादांच्या तालमीत काटा नाही, म्हणून ती वीरण्णाच्या आडतीवर सोयाबीनच्या काट्यावर उभी राहते. हमाल चेष्टा करतात. परवा पंढरी हमाल ओरडला, "मालक, पावणेदोन पोती भरली! ओलावा किती धरू?" सृष्टी म्हणाली, "काका, ओलावा न्हाई, आडतीत नका कापू, मळणी करून आलेला माल हाय." मोंढ्याचा सगळा बाजार हसत होता. तीही. तुमच्या घरात वजनावरून कुणी हसलेलं मला आठवत नाही.

महादेवी


लातूर
१० डिसेंबर

श्री. विरूपाक्ष यांस,

उत्तर नाही. तरी लिहिते, कारण एक अडचण झाली आहे आणि ती तुमच्या खात्यातली आहे.

रविवारी इथे एका मंगल कार्यालयात सरावाच्या लढती ठेवल्या होत्या. आदल्या दिवशीच्या लग्नाची झालर तशीच होती, रिंगच्या खाली अक्षता. नवरानवरीच्या खुर्च्यांवर पंच बसले होते. माझ्या मागे दोन म्हातारे शेंगा फोडत होते.

"पोरी लई चपळ हायेत, पण कोण कुणाला मारून राहिलंय, कळंना बा."

"सबुरी धर की. मोठ्या यायच्यात अजून."

सृष्टी दोरातून आत आली तेव्हा मागून एक टवाळ ओरडला, "अरे खांब धरा रे, कार्यालय मालकाचं हाय!" हशा झाला. मी वळून बघितलं. माझी ती शाळेतली नजर तुम्हाला ठाऊक आहे. तो गप्प झाला. पण त्याला गप्प मी केलं नाही हे नंतर कळलं. घंटा वाजल्यावर सगळेच गप्प झाले होते. शेंगा फोडण्याचा आवाज बंद झाला.

समोर किल्लारीची साक्षी नावाची मुलगी होती, धीट, उंच. पहिल्या फेरीत दोघी नुसत्या एकमेकींचा अंदाज घेत फिरल्या. वरचे पंखे आणि त्या दोघी एकाच गतीने फिरत होत्या असं मला वाटत होतं. मला सुस्ती आल्यासारखं झालं, चांगली सुस्ती. आणि मग सृष्टीचा उजवा हात गेला. फार जोरात नाही. पण मागून सगळं अंग गेलं.

साक्षी पडायला लागली. तिचे डोळे लांब गेले.

मी बघत होते. खोटं लिहीत नाही. धोंडप्पाच्या दिवशी झालं होतं तेच मला पुन्हा झालं, तीच शांतता, आणि स्वप्नातला तो हिरवट उजेड. ती खाली पोचल्यावर मला आठवलं, की ही कुणाचीतरी मुलगी आहे आणि पाडणारी माझी आहे.

नियम असा, की पाडणाऱ्याने लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. आपली पोरगी जागच्या जागी वाकली आणि दोन्ही हातांनी तिला उचलू लागली. पंच ओरडले. साक्षी लगेच उठून बसली, पाणी मागितलं, हसली पण. लढत तिथेच थांबवली. काही झालं नाही तिला. संध्याकाळी सृष्टीला फोन करून "तुझा हात हाय का मुसळ?" म्हणाली.

पण तेव्हापासून सृष्टी हात आखडते. सरावात हात अर्ध्यावर थांबवते आणि मग स्वतः मार खाते. वस्ताद हैराण आहेत. म्हणाले, "बाई, जोर वाढवायचं मला ठाऊक हाय. जोर हातात धरून ठेवायचं मला कुणी शिकवलं न्हाई."

ते तुम्हाला येतं. एक्कावन्न किलोच्या माणसाच्या नुसत्या जोराने कुणी पडत नाही, म्हणून तुम्ही जागा घ्यायला शिकलात, अंतर राखायला शिकलात, ठोसा लावून परत आणायला शिकलात. ती हलक्या गटाची विद्या जड मुलीला पाहिजे आहे. एरवी तिने हात टाकला तर कुणीतरी पडेल, नाही टाकला तर ती पडेल. दोन्हींपैकी मला काय बघवणार नाही हे मी ठरवू शकलेले नाही.

हे मी वाकून मागते आहे असं समजू नका. पण मागते आहे.

महादेवी


लातूर
२६ डिसेंबर

येऊ नका.

सविस्तर लिहिते, कारण अर्धवट लिहिलेलं मला आवडत नाही.

मला पत्र न लिहिता तुम्ही सृष्टीच्या फोनवर निरोप पाठवला. "पंचाहत्तरला उतर, मी कोपऱ्यात येतो. वेळ हाय अजून. आईला सांगू नको." तिने सांगितलं नाही. तुमचीच मुलगी. मला सुगावा पंढरी हमालाकडून लागला.

मोंढ्यातून भाजी घेऊन येत होते. तो म्हणाला, "बाई, राग नका धरू, पण पोरगी रोज सकाळी काट्यावर येऊन राहिली."

मी म्हटलं, येऊ दे की. सराव करते ती.

"तसं न्हाई. पहिल्यांदा हसत यायची. आता कुणी नसताना येते. चप्पल काढून उभी राहते. काल कानातले काढून ठेवले, बाई. कानातल्याचं वजन किती असतंय?"

मी घरी आले आणि डब्यात बघितलं. तालमीतल्या पोरांना विचारलं तेव्हा कळलं, दुपारचा डबा ती तालमीच्या दारातल्या कुत्र्याला घालत होती. रात्री माझ्यासमोर जेवत होती, कारण माझ्यासमोर जेवल्याशिवाय उठता येत नाही. मग पाणी पीत नव्हती. ओठ फुटलेले मी थंडीमुळे समजले. मी विज्ञान शिकवते, आणि थंडीमुळे समजले.

ताट वाढलं, समोर बसले. ती म्हणाली, "आई, ते येतो म्हणालेत."

एवढंच म्हणाली आणि तुमचा निरोप वाचायला फोन माझ्यापुढे केला. तुम्हाला कोपऱ्यात आणायला तिने तिच्या अंगातले बारा किलो द्यायला काढले होते. माणसाने पोरीकडून यायचं भाडं असं घ्यावं?

आज पहाटे स्वप्नात तीच रिंग होती, पण पाणी नव्हतं. धरण आटलेलं. तळाला भेगा. दोन माणसं तशीच हळू फिरत होती आणि प्रत्येक फेरीला बारीक होत होती. शेवटी नुसते ग्लोव्हज राहिले. मी उठून गार पाण्याने तोंड धुतलं.

तुम्ही जडांना म्हशी म्हणता. म्हशीसारखी मुलगी तुमच्या घरात जन्माला आली, ती तुमच्या आईच्या बांध्यावर गेली, आणि तुम्ही तिला आयुष्यभर एका लहान दारातून आत घालायला बघता. दार तुमच्या मापाचं आहे. ती नाही.

स्पर्धेला ती जाईल. आयोजक देतील तो माणूस कोपऱ्यात उभा राहील. त्याला तिचं नाव मी सांगेन.

महादेवी


लातूर
८ जानेवारी

श्री. विरूपाक्ष यांस,

हे पत्र माझं नाही. सृष्टी म्हणते, तिच्या वतीने "येऊ नका" म्हणायचा मला हक्क नव्हता. विचार केला, बरोबर आहे तिचं. म्हणून ती सांगते ते लिहून घेते आहे. तिला फोनवर लिहायचं नाही. म्हणते, फोनवर लिहिलं की तुम्ही लगेच उत्तर देता आणि ते उत्तर ती लगेच ऐकते.

"अप्पा, मी सत्त्याऐंशीची हाय. दोन किलो गेले होते, परत आणले. पंचाहत्तर माझ्याच्यानं होणार न्हाई, आणि झालं तर ती मी नसंल. मी सकाळी जेवून काट्यावर उभी राहणार. तुम्ही या, नाहीतर न्हाई या. आलात तर वजन सोडून बोला. लई बोलण्यासारखं हाय."

मी विचारलं, खाली काय लिहू? म्हणाली, "काही नको. त्यांना कळंल."

पुढचं माझं. वस्ताद, ती आणि मी आदल्या दिवशी नांदेडला येतो आहोत. वजन सकाळी होतं. मी आता शिकवणी थांबवून हे लिहिते आहे, त्यामुळे जास्त नाही.

महादेवी


लातूर
२० जानेवारी

अहो,

तुम्ही हॉलमधून सरळ निघून गेलात. चप्पल उलटसुलट घालून गेलात, हे वस्तादांनी बघितलं. म्हणून जे बोलायचं राहिलं ते लिहिते.

सकाळपासून घेते. वजनाच्या खोलीत बाईच पंच असतात, मी तिच्याबरोबर आत होते. काटा डिजिटल. आकडा आला, लिहून घेतला, झालं. आम्ही बाहेर आलो तर व्हरांड्यात तुम्ही. स्वेटर माझ्या भावाच्या लग्नातला. हातात कार्ड धरून असे उभे होता जणू कुणी अडवलंय. मी मनात म्हटलं, आता विचारतील. आता तोंडातून आकडा निघाला तर मी इथेच सांगते की जा. सृष्टीने पण पाऊल थांबवलं.

तुम्ही म्हणालात, "जेवली का?"

ती म्हणाली, "तीन धपाटे."

"दही?"

"दही बी."

तुम्ही मान हलवलीत आणि खिडकीबाहेर बघितलंत. माझ्याकडे बघितलं नाहीत ते बरं केलंत, माझ्या चष्म्याला काहीतरी झालं होतं.

तुमचं म्हणणं खरं ठरलं, गटात दोघीच होत्या. ती आणि परभणीची एक मुलगी, आपल्या पोरीपेक्षा हातभर उंच. मेडल काट्यावरच नक्की होतं. पण रंगाचं ठरायचं होतं, आणि मी तर त्यासाठीही आले नव्हते. ती हात टाकते की आखडते, एवढंच मला बघायचं होतं.

पहिल्या फेरीत तिने आखडला. तिघांना कळलं: मला, तुम्हाला आणि परभणीच्या मुलीला. त्या मुलीने मग हवे तसे ठोसे लावले. फेरी संपली, सृष्टी स्टुलावर बसली. मी पहिल्या रांगेत होते, तुमचं ऐकू आलं. मला वाटलं होतं, तुम्ही ओरडाल. तुम्ही तिच्या मानेवर ओला टॉवेल ठेवलात आणि म्हणालात, "तिला मारू नको. तिला कुठं मारायलीस तू. ती उभी हाय ना, ती जागा घे. नुसतं जाऊन तिथं उभी राहा. ती हलंल. मग परत ती जागा घे. हात आपोआप जातील, आणि परत येतील. येऊ दे त्यांना."

दुसऱ्या फेरीत तिने तेच केलं. चालत गेली. परभणीची हलली. परत चालत गेली. पायांत घाई नाही, उगाच उडी नाही. एक्कावन्न किलोचे पाय होते ते, सत्त्याऐंशी किलोच्या अंगाखाली. तुम्हाला ते ओळखू आले असतील. मला या वेळी दिसले.

तिसरी फेरी. ती तुम्ही कशी बघितलीत ते मला माहीत आहे, कारण अर्धा वेळ मी रिंगकडे बघत होते आणि अर्धा वेळ तुमच्याकडे. दोघी थकल्या होत्या. दम लागला की हलके लोक फडफडतात. जड लोक हळू होतात, आणखी हळू, आणि मोठे होतात. त्या दोघी मला हॉलच्या छतापर्यंत दिसत होत्या. कुणीतरी शिट्टी वाजवायला दोन बोटं तोंडात घातली होती, ती तशीच राहिली. नदीवर धुकं असताना नावा एकमेकींजवळ येतात तशा त्या येत होत्या, लागत होत्या, वेगळ्या होत होत्या. आणि परभणीच्या मुलीचे दोन्ही हात खाली आले. थकून. तिची हनुवटी उघडी पडली. ही संधी कुणालाही दिसली असती.

सृष्टीने तुमच्याकडे बघितलं. अर्धा श्वास. कोपऱ्यातून एक शब्द पाहिजे होता, "जा" म्हणा, "घे" म्हणा, काहीही.

तुम्ही कोपऱ्यात उभे होता. टॉवेल हातातून सुटून पायावर पडला होता. तोंड उघडं. डोळे लांब. आयुष्यभर ज्या माणसाने रिंगच्या बाहेरून गावभर ऐकू जाईल असा आरडाओरडा केला, तो जत्रेतल्या शेंगावाल्या म्हाताऱ्यासारखा नुसता बघत होता.

मग तिने स्वतःच टाकला. आखडला नाही. पूर्ण गेला आणि परत आला, तुम्ही सांगितलेला तसा. ती मुलगी दोरांवर बसली, आठ मोजेपर्यंत उठली, हसली. घंटा वाजली. पण तो अर्धा श्वास गेला तो गेलाच. तिथे दुसरा ठोसा बसला असता, तो राहिला. पंचांनी तीन विरुद्ध दोनने परभणीचा हात वर केला. वस्ताद म्हणतात, आपण जिंकलो होतो. मी म्हणते, नव्हतो. तुमच्यामुळे हरलो.

ती खाली उतरली तेव्हा मला वाटलं, रडेल. ती हसत होती. ग्लोव्ह तुमच्या छातीवर टेकवून म्हणाली, "अप्पा, तुम्ही बघत होता!"

तुम्ही काय म्हणालात ते फक्त तिने ऐकलं. एसटीत तिने मला कंधार ओलांडल्यावर सांगितलं. तुम्ही म्हणाला होता, "लई सुंदर होतं गं."

बरं.

मी शिक्षिका आहे. चूक झाली तर पुन्हा करून घ्यावी लागते. कोपऱ्यातल्या माणसाने बघायचं नसतं, बोलायचं असतं. बघायला आम्ही आहोत. ही सवय तुम्हाला नव्याने लावावी लागेल. आणि तिला हाताचं शिकवायचं अर्धंच झालं आहे. तेव्हा दर रविवारी सकाळच्या एसटीने लातूरला यायचं. तालमीत अंघोळीची आणि निजायची सोय करायला मी वस्तादांना सांगितलं आहे. ते म्हणाले, "घर आसताना तालमीत कशाला, बाई?" मी म्हटलं, ते आमचं आम्ही बघू, तुम्ही सतरंजी काढून ठेवा.

धाब्याचं, गाड्यावरचं काही खाऊन येऊ नका. जेवण घरी.

महादेवी